कुमार गटाची दोन वर्षं

कबड्डीच्या चढाईत पंचाचं लक्ष दोन गोष्टींवर असतं: दम चालू आहे ना, आणि स्पर्श झाला की नाही. बाकी सगळे नियम या दोहोंभोवती उभे आहेत. दम उशिरा सुरू झाला तर समोरच्या संघाला एक गुण आणि वर चढाईची संधी मिळते. समोरच्यांच्या अंगणात दम तुटला तर चढाईपटू बाद होतो. दम स्पष्ट हवा, पंचाला ऐकू यायला हवा, म्हणजे तोंड उघडंच हवं. तो सात जणांच्या तोंडासमोर हातभर अंतरावरून घेतला जातो. पकड झाली की चार-पाच अंगं एकावर एक पडतात, एकाचा घाम दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. २०२०च्या मार्चमध्ये करोना कसा पसरतो हे डॉक्टर टीव्हीवर समजावून सांगू लागले, तेव्हाच आमच्या पोरांना म्हणालो, बाकीचे खेळ आधी उघडतील, आपला सगळ्यात शेवटी.

मी वरळीत कबड्डी शिकवतो. बीडीडी चाळीतली आणि कोळीवाड्यातली पोरं-पोरी माझ्याकडे येतात. टीव्हीवर प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना कबड्डीचा हंगाम म्हणजे दोन-अडीच महिन्यांची ती लीग वाटते. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. मैदान कुदळून, खडे वेचून, पाणी मारून माती बसवली जाते आणि मेपर्यंत नायगाव, दादर, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात कुठे ना कुठे प्रकाशझोतात सामने चालू असतात. कुमार गट, द्वितीय श्रेणी, प्रथम श्रेणी, महिला, आणि त्यांच्या वर कंपन्यांच्या संघांचा व्यावसायिक गट. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, मुंबई बंदर, महाराष्ट्र पोलीस ही नावं आमच्याकडे आईबापांनाही पाठ असतात. कुमार गटात पोरगा चमकला की सामना संपल्यावर कुणीतरी त्याला बाजूला घेतं, शिक्षण विचारतं, वजन विचारतं. त्यातून करार होतो, दरमहा मानधन सुरू होतं आणि पुढेमागे कायमची नोकरी. प्रो कबड्डी आली ती या शिडीच्या अगदी वरच्या टोकाला. करोनानं वरचं टोक हलवलं, पण मोडली ती खालची पायरी. वरच्या टोकाबद्दल खूप लिहिलं गेलं, म्हणून मला खालचं सांगायचं आहे.

मार्च २०२०च्या अखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला. शहरातल्या पहिल्या मोठ्या प्रादुर्भावांपैकी तो एक. पालिकेच्या जी-दक्षिण विभागाचं, म्हणजे आमच्या विभागाचं नाव रोज बातम्यांत येऊ लागलं. गल्लीच्या तोंडावर पोलीस, बांबूंचे अडसर, आणि आत बोटीवर जाणारी माणसं घरात बसलेली. एप्रिलमध्ये वरळीतल्याच एनएससीआयच्या डोम स्टेडियममध्ये करोना रुग्णांसाठी शेकडो खाटा लागल्या. बाहेरच्यांसाठी ती नुसती एक मोठी इमारत. आमच्यासाठी ते प्रो कबड्डीचं जन्मस्थान. २६ जुलै २०१४ला लीगचा पहिला सामना तिथेच झाला, यू मुम्बानं जयपूरला ४५-३१ असं हरवलं. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला त्याच मॅटवर अनुप कुमारच्या संघानं बंगळूरुला ३६-३० असं नमवून विजेतेपद घेतलं, तेव्हा आमच्या चाळींच्या चौकांत गणपतीच्या आधीच ढोल वाजले होते. आता त्याच छताखाली पोरांच्या शेजारपाजारची माणसं भरती होत होती. काही पोरं त्या काळात रेशन पोचवायला, औषधं आणायला धावली. मंडळांनी स्पर्धेसाठी जमवलेली वर्गणी तांदूळ, डाळ आणि तेलात गेली. तो पैसा तिथेच जायला हवा होता. पण त्यातूनच मैदान, मांडव, दिवे, बक्षिसं उभी राहतात, आणि ती गंगाजळी एकदा आटली की भरायला वर्षं लागतात, हेही खरं.

घरी सराव करा, असं सगळे सांगत होते. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे साधारण १५ चौरस मीटर, आणि तीत पाच-सहा माणसं. राखीव क्षेत्रं वगळली तरी कबड्डीचं अर्धं मैदान ५२ चौरस मीटर भरतं. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिथून एक मीटरवर बोनस रेषा, आणि अंतिम रेषेपर्यंत एकूण साडेसहा मीटर. चढाईपटूचं सगळं शहाणपण या अंतरांत असतं. निदान रेषा ओलांडताना पाय कुठे आहे, बोनसला पंजा टाकताना मागचा पाय हवेत आहे का, परत फिरायला किती पावलं लागतील, हे तो खाली न बघता ओळखतो. ही ओळख मैदानावरच होते आणि मैदानावरच टिकते. मी पोरांना फोनवर व्हिडिओ पाठवायला सांगायचो. कुणी व्हरांड्यात खडूनं रेषा आखल्या, कुणी जिन्याच्या पायऱ्यांवर पिंडऱ्यांचे व्यायाम केले, कुणी ओला टॉवेल पिळत घोटा धरायची पकड जपली. पाण्याच्या टाकीजवळ गच्चीवर पहाटे दोरीच्या उड्या मारणारी एक मुलगी होती, तिची जिद्द अजून मनात आहे. या सगळ्यानं ताकद टिकली. पण समोरून सत्तर किलोचं अंग वेगानं येतं तेव्हा कोणत्या क्षणी झेपावायचं, हे एकट्याला शिकता येत नाही. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू हात धरून साखळी करतात. साखळीतला जोडीदार कधी खेचणार हे त्याच्या मनगटावरून कळतं. ते मनगटच दोन वर्षं हातात नव्हतं.

त्या काळात मी इतर खेळांवर बारीक नजर ठेवून होतो. अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचा, सुपरक्रॉसचा हंगाम २०२०च्या मार्चमध्ये डेटोनाच्या दहाव्या फेरीनंतर थांबला. आयोजकांनी उरलेल्या सातही फेऱ्या सॉल्ट लेक सिटीच्या एकाच स्टेडियमात, प्रेक्षकांविना, ३१ मे ते २१ जून या तीन आठवड्यांत उरकल्या आणि ईलाय टोमॅक विजेता ठरला. सगळे स्पर्धक एका शहरात ठेवायचे, तपासायचे आणि हंगाम पुरा करायचा, ही पद्धत मग जगभर दिसली. आपल्याकडे आयपीएल सप्टेंबरमध्ये अमिरातीत गेली, फुटबॉलची आयएसएल नोव्हेंबरपासून गोव्याच्या तीन मैदानांवर झाली. मोटारसायकलवाल्याचं तोंड हेल्मेटमध्ये बंद असतं आणि गाडीवर तो एकटा असतो. क्रिकेटमध्ये बावीस यार्डांचं अंतर असतं. आमच्या खेळात अंतर ठेवलं तर गुणच मिळत नाही. म्हणून प्रो कबड्डीच्या सातव्या हंगामाची अंतिम लढत १९ ऑक्टोबर २०१९ला अहमदाबादेत झाली, बंगालनं दिल्लीला ३९-३४ असं हरवलं, आणि आठवा हंगाम उजाडला तो थेट २२ डिसेंबर २०२१ला. मध्ये सव्वीस महिने गेले.

आठवा हंगाम बंगळूरुच्या व्हाइटफील्डमधल्या एका हॉटेलात झाला. बारा संघ तिथेच राहिले, तिथेच खेळले, दारं बंद, प्रेक्षक नाहीत. सलामीलाच यू मुम्बानं बंगळूरुवर ४६-३० असा विजय मिळवला. जानेवारीत दोन संघांना बारा खेळाडूही उभे करता येईनात, तेव्हा वेळापत्रक पुन्हा आखावं लागलं, तरीही आयोजकांनी हंगाम मोडू दिला नाही. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. एक संबंध हंगाम बुडाल्यावर दुसराही गेला असता तर प्रायोजक कबड्डीकडे परत वळले असते का, याची मला तेव्हा फार धास्ती होती.

२५ फेब्रुवारी २०२२ची अंतिम लढत मी प्रशिक्षक म्हणून पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दिल्लीनं पाटण्याला ३७-३६ असं एका गुणानं हरवलं. चढाईत विजयनं आणि तरुण नवीन कुमारनं गुण आणले. पण त्या मोसमात दिल्लीची भिंत जोगिंदर नरवाल, मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल अशा जुन्याजाणत्यांची होती. हंगामाआधीच्या खेळाडूंच्या लिलावानंतर अनेकांनी हा संघ म्हातारा ठरवला होता. मला वाटतं, दीर्घ खंडानंतर बचाव आधी परततो. दहा-बारा वर्षं केलेली पकड अंगात मुरलेली असते, दोन वर्षांनी ती विसरत नाही, उलट गुडघ्यांना विसावा मिळालेला असतो. चढाईला लागणारा झपाटा मात्र सरावाअभावी पटकन जातो. आमच्याकडेही मैदानं उघडल्यावर हेच दिसलं: चाळिशीकडे झुकलेले कोपरारक्षक आठवड्याभरात लयीत आले, आणि विशीतले चढाईपटू मांडीचे स्नायू आणि खांदे धरून बसले. करोना होऊन गेलेल्यांच्या बाबतीत मी जास्त सावध होतो. हृदय तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कुणाला मैदानात उतरवलं नाही. आधी नुसतं चालताना दम, मग हलक्या धावेत दम, आणि शेवटी तीस सेकंदांची पूर्ण चढाई. ज्यांचा दम पूर्वी सहज पुरायचा त्यांना विसाव्या सेकंदाला थांबावं लागायचं, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटायचं.

जुन्यांना अनुभवानं सांभाळलं आणि नावाजलेल्यांना लिलावानं. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस मुंबईत तो लिलाव झाला. प्रदीप नरवालला यूपी योद्धानं १ कोटी ६५ लाखांना घेतलं. सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमतही ६ लाख होती, आणि त्या सहा लाखांत आमच्याकडचं एक कुटुंब दोन वर्षं तरून जातं. पण त्या यादीत यायला आधी कुणाच्या तरी डोळ्यांत भरावं लागतं. दीड वर्ष मैदानंच बंद होती. निवडणारे बघणार काय?

कुमार गट वीस वर्षांपर्यंतचा, वजन सत्तर किलोपर्यंत. किशोर गट सोळापर्यंतचा. मार्च २०२०मध्ये जो पोरगा साडेअठराचा होता, तो मैदानं नीट उघडेपर्यंत कुमार गटाच्या बाहेर गेला. जिल्हा निवड चाचणी नाही, राज्य स्पर्धा नाही, प्रमाणपत्र नाही. खेळाडूंसाठीच्या राखीव जागांवरच्या भरतीत प्रमाणपत्राला किती वजन असतं, हे ज्यानं अर्ज भरला आहे त्याला विचारा. बावीस वर्षांचा, कुठलीच मोठी स्पर्धा न खेळलेला चढाईपटू थेट प्रथम श्रेणीत उतरतो तेव्हा समोर कंपन्यांचे तयार संघ असतात. माझ्याकडचा एक डावखुरा चढाईपटू होता. बोनसला त्याच्याइतका चलाख पाय मी इथं दुसरा पाहिला नाही. टाळेबंदीत वडिलांचं काम गेलं आणि तो मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवायला लागला. मैदानं उघडल्यावर त्याला बोलावलं, आलाही. पण रात्री बारापर्यंत गाडीवर असणारा माणूस पहाटे साडेपाचला किती दिवस येणार? मुलींच्या बाबतीत तर त्या दोन वर्षांत काहींची लग्नं ठरली आणि विषयच संपला.

याला उलटं उदाहरण कुणी देईल, आणि ते बरोबरच आहे. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे पुणेरी पलटणचे दोघे त्याच आठव्या हंगामात पुढे आले, आणि मार्च २०२४मध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्यानं विजेतेपद मिळवलं. मला त्याचा अभिमान आहे. पण संघांच्या शिबिरांत ज्यांना जागा मिळते त्यांच्यामागे प्रशिक्षक, फिजिओ आणि आहार उभा असतो. ज्यांना कुणी पाहिलंच नव्हतं त्यांचं काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

लीग पूर्वपदावर आली. १७ डिसेंबर २०२२ची अंतिम लढत डोममध्येच झाली, जयपूरनं पुण्याला ३३-२९ असं हरवलं आणि स्टेडियम भरलेलं होतं. मंडळांच्या स्पर्धाही परतल्या, पूर्वीइतक्या नाहीत, पण परतल्या. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. बुवांनी या खेळाची संघटना गावोगाव उभी केली. कबड्डी दिनाच्या त्या व्यासपीठांवर माझं एक मागणं आहे. पुन्हा कधी मैदानं वर्षभर बंद राहिली, तर कुमार आणि किशोर गटाची वयोमर्यादा तेवढ्या काळानं आपोआप पुढे सरकावी, अशी तरतूद नियमांत आधीच लिहून ठेवावी. ऐनवेळी विनंत्या-अर्ज करत बसायला लागू नये.

आणि कंपन्यांच्या संघ व्यवस्थापकांना सांगणं असं, की निवड चाचणीला चोवीस-पंचवीस वर्षांचा, कोऱ्या कागदाचा पोरगा आला तर त्याला ‘आतापर्यंत कुठे होतास’ विचारून परत पाठवू नका. दहा चढाया करू द्या. माझ्याकडे असे तिघे-चौघे अजून पहाटे येतात. त्यांच्याकडे कुमार गटाचं प्रमाणपत्र नाही, पण दम पूर्ण तीस सेकंद टिकतो. या हंगामात त्यांना प्रथम श्रेणीत उतरवतो आहे. सामने वरळीतच आहेत. या आणि बघा.