इतिवृत्त कोण लिहिणार?

ऑक्टोबर उजाडला की श्टुटगार्टच्या लोकलमध्ये मराठी ऐकू येऊ लागतं. शहराच्या मध्यातून निघालेली एस-बान डोंगराखालच्या लांबलचक बोगद्यातून ‘युनिव्हर्सिटेट’ स्थानकात शिरते आणि पुणे, सांगली, नाशिक, लातूरकडची पोरं सरकत्या जिन्याने फाइहिंगेनच्या कॅम्पसवर येतात. पाठीवर लॅपटॉप, हातात कुकर. कुकर इथेही मिळतो, हे आईला कितीही सांगितलं तरी पटत नाही.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांनी २०१५ मध्ये भागीदारी केली. पण करारांपेक्षा हा कुकरवाला ओघच मोठा. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकलं आणि पुढच्या वर्षी भारतीयांची संख्या ४९ हजारांवर गेली.

येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हिशेब पक्का असतो. व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायचे वर्षाचे ११,९०४ युरो. दर सत्राचं शुल्क १,५०० युरो. जर्मनीत शिक्षण फुकट असं ऐकून आलेल्यांना हे कळतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात, पण आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ते २०१७ पासून लावलंय. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणार १८ महिने. वर शैक्षणिक कर्ज. त्यामुळे ‘पुढे काय करायचंय?’ याचं उत्तर पहिल्याच आठवड्यात ठरलेलं असतं: बॉश, मर्सिडीज, नाहीतर पोर्शे.

या हिशेबाला मी नावं ठेवणार नाही. हप्ता ज्याला भरायचाय त्याला स्वप्नं बघ म्हणून सांगणं फार सोपं असतं. पण रविवारी आमच्याकडे पोहे खायला येणाऱ्या मुलांचे रस्ते पुढे कसे वळतात ते बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. ज्यांचा इथे खरोखर जम बसतो, त्यांनी बहुतेक वेळा अभ्यासाबाहेरची कसली तरी बिनपैशाची जबाबदारी अंगावर घेतलेली असते. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर ‘आंतरसांस्कृतिक नेतृत्व’ अशा भारदस्त नावाच्या कार्यशाळांची पत्रकं लागतात. मुलं जातात, प्रमाणपत्र घेतात. नेतृत्व मात्र ती दुसरीकडेच शिकतात.

एक ठिकाण म्हणजे गाड्यांची कार्यशाळा. फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांनी एकट्या चालकाची शर्यतीची गाडी स्वतः आखायची, बनवायची आणि पळवायची असते. इथल्या विद्यापीठाच्या ‘ग्रीनटीम’ने २०२२ मध्ये विजेवरच्या गाडीने शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग १.४६१ सेकंदांत गाठून विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी झुरिकच्या विद्यार्थ्यांनी तो ०.९५६ सेकंदांवर आणला. जर्मनीतली मुख्य स्पर्धा ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमला भरते. तिथल्या १,००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलताच मिळतात किंवा जातात: रचनेच्या समर्थनाचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १००, व्यवसाय-योजनेचे ७५. परीक्षक उद्योगातले मुरलेले इंजिनिअर. हा बोल्ट इतकाच जाड का, असं ते विचारतात आणि ‘मागच्या वर्षीच्या गाडीला तसाच होता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आपल्याकडून आलेल्या कित्येकांना गाडी नवी नसते. कुणी पिथमपूरच्या बाहा स्पर्धेत चिखल खाल्लेला असतो, कुणी कोइमतूरच्या फॉर्म्युला भारतमध्ये रात्री जागवलेल्या असतात. वेल्डिंग येतं, सॉफ्टवेअर येतं. नवी असते ती बैठक.

सांगलीकडची एक मुलगी अशाच एका संघात बॅटरीच्या पेटीचं काम बघत होती. तिने पहिल्या मोठ्या बैठकीचं केलेलं वर्णन मला आजही जसंच्या तसं आठवतं. वेळ सातची, म्हणजे सातला दार बंद. पहिला प्रश्न: आज इतिवृत्त कोण लिहिणार? दर वेळी माणूस वेगळा, संघप्रमुखाचीही पाळी येते. पडद्यावर तक्ता आणि प्रत्येक विषयापुढे तीन रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तिने पेटी गार ठेवण्याची योजना मांडली. तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेला पदवीचा एक पोरगा म्हणाला, “हे गणित चुकलंय. हवेचा प्रवाह तू जवळजवळ दुप्पट धरला आहेस.” सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, आणि आधी दोन गोड शब्दही न बोलता.

“काकू, कानशिलं तापली माझी,” ती सांगत होती. “आमच्या कॉलेजात असं कुणी बोललं असतं तर सबमिशनपर्यंत अबोला.” बैठक संपल्यावर तोच पोरगा दोन बाटल्या सफरचंदाचा सोडा घेऊन तिच्या टेबलाशी आला आणि रात्री उशिरापर्यंत तिच्याबरोबर गणित नव्याने मांडत बसला. त्याच्या लेखी भांडण झालंच नव्हतं. इतिवृत्तात तिच्या नावापुढे तारीख पडली होती आणि ती पाळली जावी यात त्यालाही तेवढाच रस होता.

काही महिन्यांनी डिझाइन गोठवण्याची मुदत आली. नंतर कुणी आराखड्याला हात लावायचा नाही, असा नियम. ऐन वेळी संघप्रमुखालाच एक सुधारणा सुचली. कल्पना चांगली होती, सगळ्यांना आवडलीही. “पुढच्या वर्षीच्या गाडीत घेऊ, आज मुदत संपली,” हे सांगणारी सांगलीची मुलगी होती. वरिष्ठाला चारचौघांत नाही म्हणणं आणि त्याच्याशी संबंधही न बिघडू देणं ही तिची खरी कमाई. हंगाम संपला की जुने पांगतात, नवे येतात, म्हणून जाणाऱ्याने आपलं काम लिहून सोपवायचं असतं. तिने तेही केलं. फॉर्म्युला स्टुडंटच्या सर्वांत लांब, साधारण २२ किलोमीटरच्या शर्यतीतही मध्यावर चालक बदलावा लागतो. आपल्यावाचून गाडी अडू नये, हा धडा त्या नियमातच घालून ठेवला आहे.

आली तेव्हा तिला ‘मोठ्या कंपनीत ईव्ही’ एवढंच हवं होतं. पेटीशी झटताना तिच्या लक्षात आलं की नवी बॅटरी बनवण्यापेक्षा ती पेट का घेते हे शोधण्यात आपलं मन जास्त रमतं. आता ती बॅटरीच्या सुरक्षा-चाचण्यांकडे वळली आहे. हे ध्येय तिला कुठल्या समुपदेशकाने दिलेलं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे वसतिगृहाचं स्वयंपाकघर. बारा खोल्या, दोन फ्रिज, एक ओटा. ज्या शहरात जिना झाडण्याची पाळी कुणाची हे दाराला पाटी टांगून सांगतात, तिथे ओट्यावरच्या तेलाच्या थेंबालाही इतिहास असतो. लातूरचा एक मुलगा मजल्याचा प्रतिनिधी निवडून आला, मुख्यतः बाकी कुणाला ते नको होतं म्हणून. त्याच्या पुढ्यात दोन तक्रारी आल्या. कोल्हापूरच्या जैन मुलीच्या तव्यावर कुणीतरी बेकन भाजलं होतं. आणि मराठी फोडणीने धुराचा भोंगा वाजून अर्धा मजला पायजम्यात अंगणात उभा राहिला होता.

या पोराने गावात गणेश मंडळाची वर्गणी गोळा केलेली. कुणाशी आधी बोलायचं, कुणाला काय सांगितलं की तो नरमतो, हे त्याला उपजत कळतं. आठवडाभर तो एकेकाच्या खोलीत चहा घेऊन गेला. तवा वापरणाऱ्या ब्राझीलच्या मुलाला जैन म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, कळल्यावर तो ओशाळला. फोडणीवर चिडलेल्या श्वाबियन, म्हणजे इथल्याच मुलखातल्या मुलीची खरी अडचण वास ही नव्हती, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. मग बैठक झाली ती वीस मिनिटांत आटोपली: तव्यांना रंगीत पट्ट्या, फोडणीच्या वेळी खिडकी उघडी आणि पंखा चालू, परीक्षेच्या काळात रात्री दहानंतर तळण नाही. सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं. एरवी अशा बैठका दोन-दोन तास चालतात हे माहीत असलेल्या श्वाबियन मुलीने त्याला विचारलं, हे जमवलंस कसं? पुढच्या वेळी इमारतीच्या सभेआधी तीही दारोदार चहा घेऊन फिरली.

या दोन गोष्टी मी शेजारी मांडते, कारण एकीवरच थांबलं तर चित्र एकांगी होतं. जर्मन शिस्तीचे आणि भारतीय भोंगळपणाचे दाखले ऐकून कान किटले आहेत. सांगलीची मुलगी मतभेद टेबलावर ठेवायला शिकली, लातूरच्या मुलाने टेबलावर येण्याआधी माणसं कशी समजून घ्यायची ते दाखवलं. परक्या मुलखात नेतृत्व करायचं तर दोन्ही लागतं. आपली मुलं दुसरं घरून घेऊन येतात. पण ते कौशल्य आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे अर्जात लिहायचं राहून जातं. मंडळाच्या मांडवासाठी महापालिका, पोलीस, वीज कंपनी आणि देणगीदार यांना एका सुरात आणणं हे प्रकल्प-व्यवस्थापनच की!

कार्यशाळांत गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचा तक्ता हमखास दाखवतात. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांतून त्याने देशांची मोजमापं काढली. वरिष्ठ-कनिष्ठांमधल्या अंतराच्या मापावर भारत ७७, जर्मनी ३५. आकडे बघून मुलं माना डोलावतात. पण तो आकडा देशाचा आहे, समोरच्या माणसाचा नाही, हे हॉफस्टेडनेच बजावलं होतं. मुदत संपल्याचं संघप्रमुखाला सुनावणारी मुलगी त्या ७७ मध्ये कुठे बसते?

तिसरं ठिकाण विद्यार्थ्यांची निवडून आलेली संघटना, आणि तिच्या मागे लहानसा इतिहास आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठं तापली, त्यानंतर फिल्बिंगर मुख्यमंत्री असताना, १९७७ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गने विद्यार्थ्यांची कायदेशीर संघटनाच मोडीत काढली. ती परत यायला २०१२ उजाडलं. आता विद्यार्थी आपली वर्गणी गोळा करतात, अंदाजपत्रक मंजूर करतात, पैशाचा हिशेब देतात आणि विद्यापीठाच्या समित्यांवर बसतात. मतदानाला फारसं कुणी फिरकत नाही हेही खरं. तरी विशीतल्या मुलाच्या सहीने पैसे खर्च होतात आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.

इथे मला महाराष्ट्र आठवतो. हिंसाचाराच्या कारणाने आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, आणि मग त्या पुढे ढकलण्याचा सिलसिला सुरू झाला. एका पिढीने गॅदरिंग गाजवलं, पुरुषोत्तम करंडक मारला, टेक-फेस्ट उभे केले. पण मत मागून निवडून येणं, विरोधात पडलेली मतं मोजणं आणि पैशाचा जाहीर हिशेब देणं याची सवय तिला कॉलेजात कुणी लावली नाही.

यंदा हे सगळं बोलायचं कारण रोकडं आहे. श्टुटगार्टचे दिवस पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये याच शहरात कार्यशाळा काढली; त्याच कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात आणखी १३ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. शिकता शिकता करायच्या आठवड्याला वीस तासांच्या नोकऱ्याही आटल्या आहेत. तीनच नावं घोकून आलेल्या मुलांची त्यामुळे पंचाईत होते. मी त्यांना एस-बानचा नकाशा उघडायला सांगते. वाइब्लिंगेनला करवती बनवणारी श्टील, एस्लिंगेनला फेस्टो, विनेंडेनला केर्खर, डिट्सिंगेनला लेझर-यंत्रांची ट्रुम्फ. या कंपन्या कुटुंबांच्या आहेत. बैठका जर्मनमध्ये, त्याही श्वाबियन वळणाच्या. इंग्रजीतून घेतलेली पदवी दारापर्यंत नेते, पुढे भाषा लागते. ट्रुम्फच्या प्रमुखपदी २००५ पासून निकोला लाइबिंगर-काम्युलर आहेत. बाई घरच्याच, पण शिक्षण साहित्याचं आणि पीएचडी लेखक एरिख केस्टनरवर. गुणपत्रिकेपलीकडे कुणी बघत नाही असं मुलं म्हणू लागली की मी हे नाव पुढे करते.

आमच्याकडे फोन करणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: पॅकेज किती मिळेल? माझा उलट प्रश्न असतो: सध्या त्याच्या नावापुढे कसलं काम लिहिलंय, आणि ते नाही झालं तर जाब कुणाला द्यावा लागतो? बहुतेकांना तो रुचत नाही, पण मुलाखत घेणारे जवळपास हेच विचारतात. आणि खरं तर हा प्रश्न पालकांपेक्षा आपल्या महाविद्यालयांनाच विचारायला हवा. शीतकरणाचं गणित शिकायला इथवर यावं, त्यात काही वावगं नाही. पण सभा कशी चालवावी, विरोध कसा ऐकावा आणि दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब कसा द्यावा, एवढं शिकायला कर्ज काढून साडेसहा हजार किलोमीटर यावं लागत असेल, तर त्या कर्जाचा थोडा भार ज्यांनी निवडणुका लांबवल्या त्यांच्याही खात्यावर मांडायला हवा.