डॅशबोर्डातली जागा

जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवायचा म्हटलं की आधी प्रश्न येतो जागेचा. आवाजाचा विचार त्यानंतर. नेहमीच्या एकेरी सेटला समोरून सुमारे १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच चौकट लागते. हे माप मूळ जर्मनीतलं. पुढे ते जगभर चाललं. आमच्या प्रीमियर पद्मिनीला त्याची गंधवार्ता नाही. तिच्या डॅशबोर्डात रेडिओच्या दोन खुंट्यांसाठी दोन गोल भोकं आणि मधे काट्याच्या पट्टीपुरती आडवी फट, एवढाच संसार. नवा सेट घालायचा तर मधला पत्रा कापणं आलं.

बेत मुलीचा होता. गाडी तिच्या आजोबांची, आणि आता चालवते तीच. ‘‘बाबा, या गाडीत आपल्या आवडीचं गाणं लावताच येत नाही,’’ हे तिचं म्हणणं खरंच होतं. जुन्या रेडिओवर फक्त मीडियम वेव्ह. मला मात्र त्या फटीत आणखी काही दिसत होतं.

धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० सालचं, सांगलीचं १९६३ सालचं. बेळगाव दोघांच्या मधे. गाडी कित्तूरच्या दिशेला निघाली की वडील काटा धारवाडवर नेत, निपाणीच्या बाजूला निघाली की सांगलीवर. कानडी वचनं संपली की मराठी भावगीत, असा प्रवास चाले. बाहेर मोर्चे निघत, पाट्यांना डांबर फासलं जाई. घरातही पाहुणे जमले की सीमाप्रश्नावर आवाज चढत. पण गाडीत ‘हे स्टेशन बदला’ असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

उद्यमबागेजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यानं रेडिओ सैल करून बाहेर ओढला, आत बॅटरी मारली आणि मला हाक मारली. भोकांच्या कडांवर कानशीचे ओरखडे होते. ‘‘हे कंपनीचं नव्हे सर. मागून कापलंय कोणीतरी.’’

ते कोणीतरी म्हणजे वडीलच. गाडी रेडिओशिवाय आली होती. हौसेनं त्यांनीच तो बसवून घेतला. पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन काढायचे ते दिवस. ज्याला मी गाडीचं मूळ रूप समजत होतो, ती एका तरुण माणसाची त्या काळची नवी हौस होती. मुलगी लगेच म्हणाली, ‘‘आजोबांनी कापलं, तर मी का नको?’’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इलेक्ट्रिशियन तिच्याकडे वळला. ‘‘कापायला पाच मिनिटं. पण हा रेडिओ चालू आहे, अक्का. चालू वस्तूसाठी कट माडबेडरी.’’ मग त्यानं ग्लोव्ह बॉक्स उघडून टेप लावली. सीडी न घेणारे नवे सेट खोलीला कमी असतात. तिथं तो बसत होता. निर्णय त्यानं तिच्यावर सोडला. तिनं दोनदा मापं घेतली आणि म्हणाली, ‘‘राहू देत दोन्ही.’’

पुढचं काम वायरींचं. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यावर सेटची आठवण टिकते, लाल किल्लीवरची, काळी बॉडीला. पिवळ्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज. जुन्या स्पीकरची एक वायर बॉडीलाच जोडलेली होती, कारण जुन्या रेडिओची रचनाच तशी. नव्या सेटला ते चालत नाही. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींत आवाज खेळतो. एक जरी पत्र्याला टेकली तर आतला आयसी जळू शकतो. म्हणून नव्याला वेगळे स्पीकर, प्रत्येकाला स्वतःच्या दोन वायरी. इग्निशन कॉइलजवळचा जुना कंडेन्सर त्यानं तसाच ठेवला. तो काढला असता तर इंजिनाची प्रत्येक ठिणगी मीडियम वेव्हवर ऐकू आली असती.

मुलीची गाणी आता फोनवरून सेटवर येतात. आवाज स्वच्छ आहे, हे मी कबूल करतो. गाडीची कागदपत्रं मात्र बेघर होऊन सीटखाली गेली.

देशातली बरीच मीडियम वेव्हची केंद्रं अलीकडे बंद झाली. नव्या सेटपैकी पुष्कळांवर ती लहर नसतेच. तरी चोर्ला घाटात फोनचं नेटवर्क गेलं की मुलगी जुनी खुंटी फिरवते. बहुतेकदा नुसती खरखर येते. कधी दुरून कोणी बोलत असतं. कानडी की मराठी, हे कळायला क्षणभर जातो. तेवढा वेळ आम्ही दोघंही काही बोलत नाही.