पाणी उतरल्यानंतर

द्राक्षाच्या हंगामात आमच्या दिंडोरी तालुक्यात दोन माणसं बांधावर भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी उतरलं का?" काचेच्या गोटीसारखा टणक, आंबट मणी एका सकाळी बोटाला मऊ लागतो. उन्हाकडे धरला की आतून उजेड दिसतो. त्याला पाणी उतरणं म्हणायचं. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की आमचे नाना या सकाळची वाट बघू लागायचे. फुटवे काढायचे, घडांची विरळणी करायची, डावणी-भुरीसारख्या रोगांसाठी रात्री-अपरात्री फवारायला उठायचं, ते सगळं या एका मऊ मण्यासाठी.

त्या बागेत मी वाढले आणि लग्नानंतर नाशिक शहरात आले. हंगामात मीही द्राक्षातच असते, पण माझं काम नानांच्या उलट्या दिशेनं चालतं. मण्यात उतरलेलं पाणी मला बाहेर काढायचं असतं. मी ताज्या फळाच्या सारणाचे घासाएवढे कानवले करते, आणि ते एअर फ्रायरमध्ये भाजते.

हे यंत्र मुलानं आणलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहानं द्राक्षं चिरली, साखरेत घोळवली, नेहमीच्या करंजीच्या पारीत भरली आणि १८० अंशांवर लावली. सात मिनिटांनी टोपली ओढली, तर एकूणएक करंजी शिवणीवर उसवलेली. रस जाळीवर सांडून काळा, चिकट झालेला. पारी मात्र पांढरीफटक आणि वातड. तळणाचा पंचवीस वर्षांचा सराव हाताशी असताना असं का व्हावं, हे मला कळेना. त्या एका प्रश्नानं मला पुढचे दोन हंगाम कामाला लावलं.

एअर फ्रायर म्हणजे खरं तर छोटी, वेगवान भट्टी. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आणलं. वर तापणारी कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, आणि खालच्या जाळीदार टोपलीत गरगरणारी कोरडी गरम हवा. यात तळणं कुठेच नाही. तेल पदार्थाला सगळीकडून मिठी मारतं आणि आपली उष्णता झटक्यात देऊन टाकतं. हवा तीच उष्णता हळूहळू देते, आणि देता देता पारीचा ओलावा ओढून नेते. म्हणून माझी पारी फुलायच्या आधीच सुकली होती. आतलं द्राक्ष मात्र ऐंशी टक्के पाणी. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. एवढीशी करंजी तिला ती कुठून देणार?

याचं उत्तर मला स्वयंपाकघरात मिळालं नाही, बागेत मिळालं. त्या वर्षी काढणी आठवड्यावर आली असताना अवकाळी पाऊस झाला. सकाळी मी माहेरीच होते. नाना मांडवाखाली वाकून एकेक घड तळहातावर घेत होते. ज्या मण्यांत पाणी उतरलेलं होतं, नेमके तेच तडकले होते. मुळांनी पाणी ओढलं, सालीनंही घेतलं, आणि साल ताणायची तेवढी ताणून झाल्यावर मणी देठाजवळ फाटला. कच्च्या मण्यांना काही झालं नव्हतं. नाना म्हणाले, "आत पाणी कोंडलं अन् बाहेर वाट नाही, मग काय होणार बाई?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. मला पोटात कालवलं. व्यापारी तडकलेला मणी घेत नाही, आणि तो दोन दिवसांत आंबतो.

त्या दिवशी मी चार क्रेट द्राक्षं नाशिकला आणली. आंबूस वास येणारे मणी टाकून दिले, उरलेले धुऊन, निथळून कढईत घातले. नानांचं वाक्य डोक्यात होतं. पाणी कोंडण्याआधीच त्याला वाट द्यायची.

आता माझी रीत ठरून गेली आहे. एक किलो द्राक्षं असतील तर अर्धी सोनाका किंवा थॉमसन, अर्धी काळी शरद सीडलेस. पांढरी द्राक्षं गोडी देतात. काळ्यांची साल रंग देते आणि थोडा तुरटपणा, त्यानं सारण नुसतं गोडमिट्ट होत नाही. मणी उभे अर्धे चिरून जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर ठेवायचे. साखर घालायची नाही. दहा मिनिटांत मणी स्वतःच्याच रसात पोहू लागतात, आणि तिथून पुढे पाऊण तास कढईपासून हलायचं नसतं. आधी बुडबुडे मोठे आणि उतावळे असतात, आवाज पाण्याचा असतो. मग ते बारीक होतात, जडावतात, आणि आवाज बदलून 'थप्‌ थप्‌' असा येऊ लागतो. मला घड्याळापेक्षा त्या आवाजाचा भरवसा जास्त. उलथन्यानं मधोमध रेघ ओढली की ती क्षणभर उघडी राहायला हवी. मग लिंबाचा रस, चिमूटभर वेलची आणि दोन चमचे कोरडा भाजलेला बारीक रवा. उरलंसुरलं पाणी तो रवा धरून ठेवतो. किलोचे साधारण तीनशे ग्रॅम उरतात. बेदाण्याला सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर जे व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात, त्याची बरीचशी वाट मी तासाभरात चालते. बेदाण्याची वाट मी पुरी चालत नाही. फळ ताजं होतं याची आठवण सारणात राहिली पाहिजे.

सारण पूर्ण गार होऊ द्यायचं, शक्यतो रात्रभर. कोमट सारणानं पारीतलं तूप वितळतं आणि शिवण धरत नाही.

पारीचा हिशेबही नव्यानं मांडावा लागला. तळणाच्या करंजीत मोहन बेतानं घालतात, कारण जास्त झालं तर करंजी तेलात विरघळते. शिवाय खुसखुशीतपणाचा काही भाग तेल बाहेरून पुरवतंच. इथे बाहेरून काहीच येणार नाही, तेव्हा लागणारं सगळं तूप आधी पिठातच हवं, आणि विरघळण्याची भीतीही नाही. दीडशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम बारीक रव्याला मी साठ ग्रॅम कडकडीत तूप घालते. मूठ वळली की पीठ मुठीसारखंच राहायला हवं. थंड दुधात घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. दुधानं रंगही येतो. तेलात आपोआप येणारा तो बदामी रंग हवेत मागून घ्यावा लागतो.

मग दोन इंची पारी आणि तिच्यात अर्धा चमचा सारण. आकार लहान ठेवायचा तो दिसण्यासाठी नाही. मोठ्या करंजीची पारी सुकून जाते तरी पोट गारच राहतं. घासाएवढ्या कानवल्यात उष्णता मध्यापर्यंत वेळेवर पोचते.

खरी परीक्षा कडेची. काट्याने दाबलेली कड या हवेत हमखास उघडते. दाबून पातळ झालेलं पीठ आधी सुकतं आणि आखडतं. मी फिरकीनं कापूनही पाहिलं, तिथेही तेच. शेवटी आईची मुरड कामाला आली. कडेला दुधाचं बोट फिरवायचं, अर्धचंद्र मिटायचा, टोकाशी अंगठ्यानं कड जराशी ताणायची आणि तर्जनीवर दुमडून खाली दाबायची. मग त्या दुमडीच्या पोटातून पुढची दुमड. कड दुहेरी होते आणि आतला पदर उशिरापर्यंत मऊ राहून शिवण धरून ठेवतो. सराव झाला की एका कानवल्याला नऊ मुरडी पडतात. त्यानंतर पाठीवर सुईनं दोन छिद्रं. तेलात तळायची करंजी असती तर तिला छिद्र पडणं हा अपराध होता, सगळं तळण खराब झालं असतं. इथे ते छिद्र म्हणजे नानांनी सांगितलेली वाट.

यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवते. कानवल्यांवर तुपाचा हलका हात फिरवते, एका वेळी नऊ-दहाच मांडते, एकमेकांना न चिकटता. हवेला फिरायला जागा हवी. १६० अंशांवर आठ मिनिटं, मग उलटून पुन्हा तूप, आणि आणखी तीन-चार मिनिटं. बाहेर काढल्यावर ते मऊच लागतात. तेव्हा घाबरून पुन्हा आत ढकलायचे नाहीत. जाळीवर दहा मिनिटं उघडे ठेवले की उरलेली वाफ निघून जाते आणि मग ते खुसखुशीत होतात.

दरेक फळाचं पाणी वेगळं. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी द्राक्षाहून पाणचट, ती जास्त आटवावी लागते. पेरूत पेक्टिन भरपूर, तो गाळून घेतला की पटकन आळतो. आमरस आटतो छान, पण बुडाशी लागायला टपलेला असतो. सीताफळ मात्र मी या वाटेला नेत नाही. तापवलं की ते कडवट होतं, त्याला बासुंदीतच सुख.

त्या पावसाळी हंगामातल्या द्राक्षांचा पहिला डबा मी माहेरी नेला. नानांनी एक कानवला उचलला, नखानं मुरड चाचपली, मग तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले. "आपलीच ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी दुसरा घेतला आणि तो हातात धरूनच बागेकडे निघाले, तडकलेले मणी घडांतून काढायचं काम अजून बाकी होतं.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा आईनं माझाच डबा उघडला, दोन कानवले फडक्यात बांधले आणि माझ्या पिशवीत ठेवले. गौरींना निरोप देताना मुरडीचा कानवला करतात, लेक सासरी निघाली की तिच्या शिदोरीत घालतात, तिनं माघारी मुरडून यावं म्हणून. मी म्हटलं, "आई, हे मीच आणलेत ना."

"असू दे," ती म्हणाली, "मुरड माझी आहे."