'समजा' या शब्दाची जबाबदारी

कोडे सुटले की ते कोणत्या वाटेने सुटले, हे सहसा कोणी विचारीत नाही. मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या माण येथील एका प्राध्यापकांना मात्र हा प्रश्न स्वतःला विचारावा लागला, तो घरातल्याच एका प्रसंगामुळे. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार माणच्या शिवारात आला आणि त्यामागोमाग भरतीच्या चाचण्यांतील तर्ककोडीही घरांत आली. त्यांचा पुतण्या अशाच एका चाचणीची तयारी करीत होता. कोडे रेमंड स्मलियन यांच्या १९७८ मधील पुस्तकाने लोकप्रिय केलेल्या वळणाचे होते. एका बेटावर काही माणसे नेहमी खरे बोलतात, उरलेली नेहमी खोटे. तेथील दोघांपैकी पहिला म्हणतो, 'आम्ही दोघेही खोटे बोलणारे आहोत.' तर कोण कसा?

पुतण्याने शिकवणीतल्या पद्धतीने चार शक्यतांचा तक्ता मांडला आणि एकेक खोडीत गेला. प्राध्यापकांनी 'समजा, पहिला खरा आहे' असे धरून विसंगती गाठली. भाजी निवडीत बसलेल्या त्यांच्या आई मात्र एवढेच म्हणाल्या, "खरं बोलणारा आपल्यालाच खोटा कसा म्हणंल?" तक्त्याचा अर्धा भाग या एका वाक्याने अनावश्यक ठरला. "आणि दुसरा गं, आजी?" पुतण्याने विचारले. "त्याला मी कुठं बघितलाय?" त्या उत्तरल्या. पुतण्या हसला. प्राध्यापकांनी सवयीने मनातल्या मनात अर्धे गुण दिले.

हे अर्धे गुण पुढे त्यांना छळू लागले. अलेक्सांद्र लुरिया यांना १९३१-३२ साली उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांकडून नेमके असेच उत्तर मिळाले होते. अति उत्तरेकडे, जेथे बर्फ असते तेथे, सर्व अस्वले पांढरी असतात. मग तेथील अमुक ठिकाणचे अस्वल कोणत्या रंगाचे? न पाहिलेल्या अस्वलाविषयी बोलण्यास अनेकांनी नकार दिला. या नकाराला अमूर्त विचाराचा अभाव म्हणणे सोपे आहे. पण न पाहिलेल्या माणसाच्या खरेखोटेपणाची ग्वाही न देणे ही गावात नीती समजली जाते.

शिवाय 'समजा' म्हणणे आपल्या परंपरेला परके नाही. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'लीलावती'त इष्टकर्म सांगितले आहे: कोणतीही संख्या मानावी, कृती करावी, मग त्रैराशिकाने उत्तर दुरुस्त करावे. शेवटाकडून मागे येणारा विलोमविधीही तेथेच आहे. खरे-खोटे बोलणाऱ्यांच्या कोड्यांवर रूथ बर्न आणि सायमन हँडली यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही माणसे पुढून आणि मागून, दोन्ही दिशांनी अनुमाने काढून वाट जवळ करताना आढळली. उत्तर बरोबर की चूक हे कोणी सांगितले नाही तरीही.

प्राध्यापकांना मग आठवले की लहानपणी वेताळाच्या गोष्टी सांगताना याच आई विक्रमाच्या आधी निवाडा देत असत. त्या राजांना त्यांनी कोठे पाहिले होते? म्हणजे गृहीत धरण्याची शक्ती उणी नव्हती. प्रश्नाची जात निराळी होती. गोष्टीत 'समजा' हे आमंत्रण असते, चौकशीत ती साक्ष होते. सोडवणारा युक्ती निवडतो त्याआधी समोरची संहिता कोणत्या प्रकारची आहे, हे तो ठरवून बसलेला असतो.

त्यांनी तेच कोडे वेताळाच्या तोंडी घालून पुन्हा सांगितले. आईंनी भाजी बाजूला सारली. "पयला लबाड. मग त्याचं बोलणं खोटं. दोघंबी लबाड न्हाईत, म्हंजे दुसरा खरा."

एका अनुभवाने सिद्धान्त होत नाही, हे प्राध्यापक जाणतात. पण कवितेचा अर्थ आपल्या शेतावरून, आपल्या आजारपणावरून लावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर त्यांनी वर्षानुवर्षे लाल शाईने 'विषयांतर' लिहिले होते. त्या उत्तरपत्रिका आता रद्दीत गेल्या आहेत. त्यांतले किती जण चुकले होते आणि कितींना प्रश्नच साक्षीसारखा विचारला गेला होता, हे पुन्हा तपासता येण्याजोगे नाही.