दोराचा झोळ

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा केज तालुक्यातल्या एका गावाच्या फाट्यावर नाना हमखास येऊन उभे राहतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, कोपीचं सामान, कोयते, लेकरं. जाणाऱ्यांना निरोप देता देता नाना ट्रॉलीच्या जोडाशी वाकतात. पिन हलवून बघतात, साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपतात. गावात त्यांना ‘नेव्हीवाले नाना’ म्हणतात. इथून समुद्र तीनशे किलोमीटरहून दूर आहे, पण ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांमधली ती हातभर जागा नानांनी नौदलात पंधरा वर्षं सांभाळली आहे. फक्त तिथे ती हातभर नव्हती, काही शे मीटर होती.

नाना 1972च्या दुष्काळानंतर भरती झाले. त्याआधी त्यांनी एकच दोर नीट ओळखला होता, मोटेचा नाडा. वडील धावेवरून बैल हाकायचे. मोट पाण्याने भरली की बैलांना एकदम हिसका देऊ द्यायचा नाही, आधी नाडा ताणात येऊ द्यायचा, मग वजन घ्यायचं, ही वडिलांची शिस्त. घाईने ओढलं की नाडा पिळ्यातून सुटतो किंवा मोट विहिरीच्या कडेवर आपटते. पुढे टगवर, म्हणजे दुसरी जहाजं ओढणाऱ्या जहाजावर, पहिल्यांदा उभं राहिल्यावर नानांना हेच सगळं पुन्हा शिकवलं गेलं. बैलांच्या जागी डिझेल इंजिन होतं आणि मोटेच्या जागी बंद पडलेलं जहाज.

ताफ्याचा टग म्हणजे बंदरात जहाजांना धक्क्याला लावणारी छोटी बोट नव्हे. तो खोल समुद्रात ताफ्याच्या मागे जातो आणि इंजिन बंद पडलेली, आग लागलेली, तोफगोळ्याने फुटलेली जहाजं ओढून घरी आणतो. आपल्या नौदलाने अशा टगांना नावंही साजेशी दिली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेला ‘मातंग’ 1983 मध्ये दाखल झाला. आजचा ‘गज’ गोवा शिपयार्डने बांधला आणि तो 2002 मध्ये आला. दोन्ही नावांचा अर्थ हत्ती. ‘मातंग’ची ओढ 40 टनांची, 20,000 टनांचं जहाज 8 नॉट, म्हणजे ताशी साधारण 15 किलोमीटर वेगाने ओढून नेण्याची त्याची कुवत सांगितली जाते. ही ओढ मोजतात ती अगदी साध्या रीतीने. टगला धक्क्यावरच्या खुंटाला बांधतात, इंजिन पूर्ण जोरात चालवतात आणि दोरातला ताण यंत्राने वाचतात. खुंटाला बांधलेला बैल किती जोर करतो हे बघावं, तसंच.

टगची बांधणी बघितली की कळतं, इथे वेगाला किंमत नाही. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा. पुष्कळ टगांच्या पंख्याभोवती धातूचं कडं असतं, कॉर्ट नॉझल; लुडविग कॉर्ट या जर्मन अभियंत्याने 1930च्या दशकात ते पुढे आणलं. कमी वेगात जास्त जोर मिळावा एवढंच त्याचं काम. मागचं डेक बुटकं आणि मोकळं ठेवतात, कारण ताणलेला दोर या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडूसारखा फिरतो आणि वाटेत येईल ते झोडपतो.

पण खरी मेख आहे ती दोर अडकवण्याच्या जागेत. बैलगाडी बघितलेल्या माणसाला वाटेल, दोर अगदी मागच्या टोकाला बांधावा. तसं केलं तर ओझं टगची शेपटीच धरून ठेवतं आणि सुकाणू कितीही फिरवलं तरी टग वळत नाही. म्हणून हुक किंवा विंच जहाजाच्या मध्याच्या थोडं मागे बसवतात. मग टग दोराखाली स्वतःभोवती फिरू शकतो. मात्र हीच सोय जीवावरही उठते. मागचं जहाज भरकटून बाजूला गेलं तर दोर आडवा येतो आणि टगला कुशीवर पाडतो. टगवाले याला गर्टिंग म्हणतात. काही क्षणांत सगळं संपतं. म्हणून ओझं असतानाही एका फटक्यात उघडणारा हुक लागतो, आणि त्याच्याजवळ उभा असलेला माणूस झोपाळलेला असून चालत नाही. नानांची बहुतेक पाळी त्या हुकाजवळ गेली.

खवळलेल्या पाण्यात दोर पलीकडे पोचवणं हीच एक कला आहे. जाड दोर फेकता येत नाही. आधी गाठ मारून जड केलेली बारीक दोरी फेकायची. पलीकडच्यांनी ती ओढली की तिच्यामागे मधला दोर जातो, आणि त्याच्यामागे तारेचा मुख्य दोर. बंद जहाजावर वीज नसेल तर हे सगळं हाताने. दोर बांधला गेला की इंजिन अगदी सावकाश. फेरे थोडे थोडे वाढवायचे.

मग येतो झोळ. नानांच्या मते टगवाल्याची सगळी विद्या या एका शब्दात आहे. लांब ओढीत दोर कधी सरळ रेषेत दिसता कामा नये. तो टगच्या मागे पाण्यात उतरतो, खोल पोट सोडतो आणि दूर पलीकडे वर येतो. लाट आली, दोन जहाजं एकमेकांपासून लांब गेली, की हा झोळ थोडा उचलला जातो. लाट गेली की पुन्हा खाली बसतो. हिसका तारेला न बसता तारेच्या वजनात जिरतो. पाणी उथळ झालं की दोर आखडावा लागतो, नाहीतर तो तळाला घासतो. लाटांचं अंतर बघून लांबी अशी ठेवतात की दोन्ही जहाजं एकाच वेळी माथ्यावर चढावीत. शिवाय कठड्यावर दोर एकाच जागी घासू नये म्हणून ठरावीक वेळाने तो थोडा सोडायचा. नाड्याचीही चाकावरची घासणारी जागा वडील अशीच बदलत असत, हे नानांना तिथे आठवलं.

नाना भरती झाले तेव्हा जुनी मंडळी 1971च्या गोष्टी सांगत. 4 डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ या क्षेपणास्त्र बोटींचं नाव आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. नौदल दिन त्याच दिवशी असतो. पण या बोटी रशियातून आल्या तेव्हा त्या उतरवण्याएवढी क्रेन मुंबईत नव्हती. त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. त्या विजयामागे दोराचं एवढं काम आहे.

दोर तुटला की काय होतं, तेही मुंबईने पाहिलं आहे. जून 2011 मध्ये कोलंबोहून गुजरातमधल्या अलंगला मोडण्यासाठी निघालेलं ‘एमव्ही विस्डम’ हे जहाज ओढीतून सुटलं आणि भरकटत जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. मे 2021च्या तौक्ते चक्रीवादळात बार्ज पी-305 बुडाला त्याच काळात ‘वरप्रदा’ हा टगही गेला. त्यावरच्या 13 जणांपैकी दोघेच वाचले. बार्जची बातमी सगळीकडे होती, टगची दोन ओळींत आटपली. नानांना त्याचं आजही वाईट वाटतं, आणि ते बरोबर आहे.

नानांनी स्वतः तुटलेला दोर एकदाच पाहिला, तोही नायलॉनचा. नायलॉन ताणला की लांबतो आणि तुटला की ती सगळी ताकद एका क्षणात परत फेकतो. आवाज बंदुकीसारखा झाला. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा पाय गुडघ्याखाली मोडला. त्याची चूक एवढीच, की तो दोराच्या रेषेत उभा होता.

2016च्या ऑक्टोबरात ‘विराट’ कोचीहून मुंबईला ओढत आणली, तेव्हा नाना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. टीव्हीवर सगळे त्या प्रचंड विमानवाहू जहाजाकडे बघत होते. नाना पुढचे टग शोधत होते.

यंदाही हंगाम सुरू होईल, उसाची ट्रॉली चिखलात रुतेल आणि दुसरा ट्रॅक्टर वायररोप लावून ती ओढायला येईल. अशा वेळी नाना पोरांना जे सांगतात, ते इथे जसंच्या तसं देत आहोत: दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटलाच तर तो उडणार नाही. हिसका देऊ नका, आधी ताण घ्या. आणि लेकराबाळांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा, दोराच्या रेषेत तर कुणालाच नको.