डावे पान, उजवे पान

भंडाऱ्याला रेल्वे आहे आणि नाहीही. ज्या स्थानकावर उतरून माणसे भंडाऱ्यास येतात ते भंडारा रोड, आणि ते आहे वरठीला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागला, की गाव अजून पुढे आहे असे समजावे. तुमसर रोडचीही तीच कथा. मुंबई-हावडा मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या येथून न थांबता निघून जातात. दुसऱ्यांचे प्रवास पाहत मोठे होणे हा आमच्याकडच्या बालपणाचा एक भागच होता.

या जिल्ह्यात मी आयुष्यभर मराठी शिकवले. २००६ साली प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने सहज विचारले, “सर, तुम्ही कुठे कुठे गेला आहात?” प्रश्नात खोच नव्हती. मी पुण्यापलीकडे गेलेलो नव्हतो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियातील बुसान येथे ट्रान्स-एशियन रेल्वेच्या जाळ्याविषयीच्या करारावर आशियातील अनेक देशांनी सह्या केल्या. भारताने पुढच्या वर्षी केली. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून मी एक दोनशेपानी वही विकत आणली आणि पत्नीला सांगितले की, निवृत्तीनंतर आपण भंडारा रोडहून लंडनला जाऊ. रेल्वेने. ती म्हणाली, “आधी मीटरचे बिल भरून या.”

वहीची पद्धत मी पहिल्याच दिवशी ठरवली. डावे पान नकाशाचे : रूळ कोठून कोठे जातात. उजवे पान वेळापत्रकाचे : त्या रुळांवरून माणसांना घेऊन जाणारी गाडी कोणती.

डाव्या पानाने मला जे दिले त्याचा आनंद आजही ओसरलेला नाही. आपल्या रुंद मार्गाच्या रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. अटारी, लाहोर, क्वेट्टा आणि बलुचिस्तानचे वाळवंट ओलांडून इराणमधील जाहेदानपर्यंत हेच माप चालते. तेथून पुढे इराण, तुर्कस्तान, बाल्कन देश, मध्य युरोप आणि थेट लंडनपर्यंत १४३५ मिलिमीटर. म्हणजे वरठीपासून लंडनपर्यंत रुळांचे माप बदलते ते एकदाच! वाटेत तुर्कस्तानातले व्हान सरोवर तेवढे बोटीने ओलांडायचे. माप बदलणे आम्हांला नवे नाही. नागपूर-छत्तीसगड हा मार्गही मुळात मीटरगेज होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेतला आणि रुंद केला. रुळांची अडचण माणसे सोडवू शकतात, हे आमच्याच जिल्ह्यातून जाणारा मार्ग सांगतो.

आणि ती सुटतही होती. २००६ साली माझ्या डाव्या पानावर बाम आणि जाहेदान यांच्यामध्ये कोरी जागा होती. २००९ साली तो मार्ग पूर्ण झाला आणि मी ती रेघ शाईने जोडली. २०१३च्या ऑक्टोबरात इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या तळाखालून मार्मारायचा बोगदा सुरू झाला आणि आशिया-युरोपमधले रूळ सांधले गेले. त्या रात्री मी पत्नीला झोपेतून उठवून हे सांगितले. एव्हाना तिलाही वहीची सवय झाली होती. मला टेबलाशी पाहिले की विचारायची, “आज कुठवर पोचलात?”

उजव्या पानाची कथा मात्र वेगळी. तेथील पहिली नोंद समझौता एक्स्प्रेसची : २२ जुलै १९७६ रोजी सुरू झालेली. २००७च्या फेब्रुवारीत पानिपतजवळ तिच्यात स्फोट झाले, अडुसष्ट माणसे गेली, तरी गाडी पुन्हा धावली. मी २०१९च्या जूनमध्ये निवृत्त झालो. ऑगस्टमध्ये समझौता बंद झाली. त्याच महिन्यात मुनाबावमार्गे जाणारी थार एक्स्प्रेसही थांबली. पुढच्या वर्षी महासाथीने सगळ्या जगाचेच उजवे पान पुसून टाकले. २०२५च्या मार्चमध्ये बोलनच्या डोंगरात जाफर एक्स्प्रेसचे अपहरण झाले. क्वेट्ट्याला जाण्यासाठी मी तीच गाडी लिहून ठेवली होती. एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीची चौकी बंद करण्यात आली. डावे पान जसजसे भरत गेले तसतसे उजवे रिकामे होत गेले.

येथवर मी एखाद्या इतिहासाच्या अभ्यासकासारखा बोललो. नकाशे जोडले जातात, माणसे तुटतात, असे एखादे वाक्य लिहून लेख संपवताही आला असता. पण ते पुरते खरे होणार नाही.

वर्गात मी गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ फार रंगून शिकवीत असे. वरसईचा हा भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. बेत फसला म्हणूनच मराठीला हे पुस्तक मिळाले, असे मी दरवर्षी सांगे आणि मुले ते परीक्षेत लिहीत. उजवे पान पुसले जात असताना मी स्वतःचे समाधान याच वाक्याने करून घेतले. एका रात्री लक्षात आले, की या वाक्यात एक गोष्ट मी सोईस्करपणे गाळली होती. भटजी निघाले होते. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान-इराणमार्गे हिंदुस्थानच्या दिशेने आले, ते कोणत्या वेळापत्रकाच्या भरवशावर? बेत फसायलाही आधी उंबरा ओलांडावा लागतो.

माझ्या वहीत एक तिसरे पान होते. त्यावर फक्त ‘व्हिसा’ एवढाच शब्द होता. पाकिस्तानचा व्हिसा भारतीयांना ठराविक शहरांपुरता मिळतो. क्वेट्ट्याहून पुढे इराणमध्ये उतरण्याची परवानगी मागणे म्हणजे जवळजवळ नकारच मागणे होते. तरीही मागता आले असते. गाडी धावत होती त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही अर्ज केला नाही. कधी परीक्षांची कामे होती, कधी मुलीचे लग्न. खरे कारण वेगळे होते. नकार आला असता तर वही मिटावी लागली असती, आणि मला प्रवासापेक्षा वही अधिक प्रिय झाली होती. सरहद्दीने मला अडवले ते २०१९ साली; त्याआधीची तेरा वर्षे मला कोणीही अडवलेले नव्हते.

हे मी पत्नीजवळ बोलून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अमृतसरपर्यंत तर गाडी जाते ना?”

जाते. छत्तीसगड एक्स्प्रेस भंडारा रोडला थांबते आणि नागपूर, भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला असे करीत सरळ अमृतसरला पोचते. माझ्या थोरल्या प्रवासाचा पहिला टप्पा गाडी न बदलता होण्यासारखा होता आणि एकोणीस वर्षे तो घराजवळून धावत होता. वाटेत झाशी लागेल. गोडसे भटजींनी जेथे वेढा पाहिला ते शहर गाडीच्या खिडकीतून का होईना, दिसेल. अमृतसरहून अटारी पंचवीसेक किलोमीटर. तेथे फाटक बंदच असेल, हे आम्हांला ठाऊक आहे. ते बंद फाटक निदान स्वतःच्या डोळ्यांनी पाहू.

दोन तिकिटे काढली आहेत, दोन्ही खालच्या बर्थची. उजव्या पानावर तारीख आणि डबा शाईने लिहिला. त्या पानावरची आजवरची प्रत्येक नोंद मी पेन्सिलीने केलेली होती. आता वरठीला गाडीच्या वेळेआधी पोचायचे तर घरून किती वाजता निघावे, यावर आमच्यात मतभेद आहेत. ती म्हणते, तासभर आधी पुरे. मी दोन तास म्हणतो.