कागदी पिस्तुलांची वही

माझ्याकडे दोनशे पानांची एक वही आहे. तिच्यात पिस्तुलं आहेत. म्हणजे चित्रं, कात्रणं आणि मी पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या. साधारण १८९५ ते १९१५ या काळातली, आणि बहुतेक फसलेली. कारागिराने नमुना केला, लष्कराने चाचणी घेतली आणि नको म्हणून परत केला, अशी.

हा नाद बी.एड.च्या दिवसांत लागला. पुण्यात केळकर संग्रहालय पाहिलं. एका माणसाने आयुष्यभर दिवे, अडकित्ते, हत्यारं जमवली आणि आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. जमवण्यात एवढी माया असू शकते, हे तिथे कळलं.

परदेशात श्रीमंत शौकीन असे नमुने खरोखर विकत घेतात. आपल्याकडे चालू शकणाऱ्या पिस्तुलाला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरही दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यात मी शिक्षक. म्हणून माझा संग्रह कागदी.

वहीतला माझा आवडता माणूस जॉर्ज फॉसबेरी. हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. गोळी सुटताना हाताला जो धक्का बसतो, तोच कामाला लावायचं त्याने ठरवलं. धक्क्याने नळी आणि चक्र मागे सरकायचं, चक्रावरच्या नागमोडी खाचांमुळे ते फिरायचं आणि पुढची गोळी तयार. वेबली कंपनीने १९०१ मध्ये ते बाजारात आणलं. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या चिखलाने त्या सुंदर खाचा भरल्या. दुसरं ‘मार्स’. जेमतेम ऐंशीच्या आसपास बनली. धक्का इतका जबर, की एकदा उडवणाऱ्याला पुन्हा उडवावीशी वाटेना. १९०७ च्या अमेरिकन चाचणीसाठी केलेली मोठ्या गोळीची लुगर तर बोटांवर मोजण्याइतकी. नापास झाली, म्हणून आज दुर्मीळ.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस बोट सापडली. आत तीन एके-४७. दुपारपर्यंत नाकाबंदी, टीव्हीच्या गाड्या. शाळेतून घरी आलो तर अम्मी दारातच उभी.

“ती वही जाळ आधी.”

“अम्मी, कागद आहेत ते.”

“तुला माहीत आहे ते कागद आहेत. दार वाजवणाऱ्याला माहीत आहे का?”

बायको काही बोलली नाही. तिने वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि तांदळाच्या पिंपात खाली सरकवली.

अम्मीची भीती नवी नव्हती. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्याच श्रीवर्धन तालुक्यात, दिघी आणि शेखाडीला शस्त्रं-स्फोटकं उतरली. मुंबईत माणसं मेली. ते पाप करणारे थोडे होते, पण ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाला गावाचं नाव सांगताना पुढे कित्येक वर्षं आमचा आवाज खाली जायचा. मी तेव्हा शाळकरी पोर होतो.

त्याच संध्याकाळी सरकारने सांगितलं, बोट ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, इंजिन बिघडल्यावर समुद्रात सोडलेली. दहशतवादाचा संबंध दिसत नाही. गाड्या गेल्या. वही मात्र तीन आठवडे तांदळातच राहिली.

त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली. दार कोणीच वाजवलं नव्हतं. वही लपवली ती आम्हीच. आणि तरी अम्मी चुकली होती, असंही मला म्हणवत नाही.

आता वही कपाटात आहे, उर्दूच्या व्याकरणाशेजारी. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी धक्क्याचं, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं उदाहरण मागितलं. फॉसबेरीचं चक्र ओठांवर आलं होतं. मी त्याला होडीचं आणि वल्ह्याचं उदाहरण दिलं.

उदाहरण बरोबर होतं. मुलाला बक्षीसही मिळालं. पण घरी येऊन मी वही उघडली आणि बराच वेळ त्या नागमोडी खाचा बघत बसलो.